पहिल्या प्रकरणाआधीची आठ पानं

दिवाळी सरली की शहापूरच्या त्या वाचनालयात नव्या कादंबऱ्यांचे खोके यायचे, आणि खोके आले की दामिनीला तहानभूक राहायची नाही. साडेतीनशे सभासदांचं वाचनालय, ग्रंथपाल म्हणून ती एकटी. नव्या पुस्तकांची यादी ती स्वतः करायची. रहस्य, इतिहास, प्रेम, विज्ञान, भय अशी प्रकारवार नावं आणि प्रत्येक नावाखाली दोन ओळी. एक कागद दारावर लागायचा, एक सभासदांच्या ग्रुपवर जायचा. आसनगावहून रोज कल्याणला कामाला जाणारे त्या दोन ओळी वाचून रविवारी येऊन रहस्यकथा राखून ठेवायला सांगायचे. निवृत्त तलाठी फक्त ऐतिहासिक नेत. ती न वाचलेल्या पुस्तकाबद्दल एक अक्षर लिहीत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या दोन ओळींना किंमत होती.

त्या वर्षी खोक्यात तेवीस कादंबऱ्या निघाल्या. भयकथा एकच, पण तिच्या पाच प्रती होत्या. दोन वाचनालयानं मागवलेल्या आणि तीन लेखकानं स्वतः सही करून भेट पाठवलेल्या. मुखपृष्ठावर मोकळ्या केसांची बाई, हातात सूप. नाव ‘जिवा भुताळी’. त्याखाली लाल अक्षरांत, ‘सत्य घटनेवर आधारित’. लेखक शेखर मुरबाडकर.

दामिनीनं पुस्तक उलटून मागचा फोटो पाहिला. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता. पण जाड ओठ आणि उजव्या भुवईतली खाच तीच होती. त्या माणसाला तिनं शेवटचं पाहिलं तेव्हा ती साडेचार वर्षांची होती.

तिनं वाचनालयाचं दार आतून लावून घेतलं आणि दुपारी दोनपासून पुस्तक वाचायला बसली. साडेपाचला दार उघडलं तेव्हा बाहेर चार सभासद खोळंबले होते. 

*

मुरबाडच्या वर डोंगरात आवळीचा पाडा. तीस वर्षांपूर्वी तिथं चौथीपर्यंतची शाळा होती आणि शेखर मास्तर तिथले एकुलते एक शिक्षक. पाड्यावरच खोली घेऊन राहायचे. बायको हौसाबाई आणि सहा वर्षांचा मुलगा भावेश. शेजारच्या घरात विठू आणि जिवली, म्हणजे दामिनीचे आईबाप. भात आणि नाचणीची शेती, दोन म्हशी, आणि ही एकच पोर.

हौसाबाई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी मुरबाडला गेल्या होत्या. मागं भावेशला ताप चढला. तिसऱ्या दिवशी पोराचे डोळे फिरायला लागले तेव्हा जिवलीनं मास्तरांना सांगितलं, सकाळी दुधाची जीप खाली जाते, पोराला मुरबाडच्या दवाखान्यात न्या. मास्तर जीपनं गेले, पण पोराला जिवलीकडं ठेवून एकटेच. कल्याणला कविसंमेलन होतं आणि पहिल्यांदाच त्यांचं नाव पत्रिकेत छापून आलं होतं. जाताना म्हणाले, ‘साधा ताप आहे. संध्याकाळी येतोच.’ ते आले दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर विठूनं पोराला पाठीशी बांधून उतार धरला होता आणि अर्ध्या उतारावर पोर पाठीवरच गेलं होतं.

मास्तरांना हौसाबाईंना तोंड दाखवायचं होतं. त्यांनी सांगितलं, मी पोराला हसतंखेळतं ठेवून गेलो होतो, या बाईनं त्याला काहीतरी खायला घातलं. पाड्यावरचा भगत तांदळाचे दाणे टाकून बघायचा. एरवी लोक त्याच्यावर निम्माच विश्वास ठेवत. पण शिकलेला मास्तरच म्हणतोय म्हटल्यावर निम्मा राहिलेला विश्वासही बसला. जिवली भुताळी ठरली, पोरावर करणी करणारी. आठव्या दिवशी तिचे केस कापले, डाव्या मनगटावर तापलेला विळा ठेवला आणि तिघांना पाड्याबाहेर काढलं. आज असं कुणी केलं तर कायदा आहे. तेव्हा तक्रार घ्यायलाही कुणी नव्हतं.

विठू शहापूरजवळच्या वीटभट्टीवर राबला. आठ वर्षांपूर्वी गेला. जाण्याआधी हे सगळं त्यानंच दामिनीला सांगितलं होतं. पाड्यावरची जमीन पडूनच राहिली.

आणि आता ती कादंबरी. तिच्यातली जिवा शेजारच्या मास्तरच्या पोराला नजर लावते, त्याचं रक्त पिते, अमावास्येला सूप घेऊन माळावर नाचते. तिच्या डाव्या मनगटावर विळ्याचा डाग आहे. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. कादंबरीतला मास्तर पोराला खांद्यावर घेऊन पावसातून मुरबाडला धावतो आणि दवाखान्याच्या पायरीवर पोर त्याच्या हातात जीव सोडतं. ते प्रकरण चांगलं लिहिलं होतं. दामिनीला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. ते वाचताना क्षणभर तिचेच डोळे भरून आले होते.

*

तिनं पाचही प्रती पिशवीत घालून घरी आणल्या. चूल पेटलेलीच होती.

जिवली ओटीवर वाल सोलत बसली होती. सहासष्टची झाली होती, नजर शाबूत. अक्षर येत नव्हतं, पण मुखपृष्ठावरच्या बाईकडं तिनं बराच वेळ पाहिलं.

“कोनाचा पुस्तक हाय?”

“शेखर मास्तरचं.”

जिवलीचे हात थांबले नाहीत. “काय लिवलाय?”

“तुझ्यावर लिहिलंय. मी जाळणार आहे.”

“आधी वाच. सगळा वाच. एक ओळ गाळू नको.”

तीन दुपारी लागल्या. दामिनी जेवायच्या सुट्टीत घरी येऊन वाचायची, जिवली ऐकायची. रक्त पिण्याच्या जागी ती म्हणाली, “हां. पुढं.” माळावरच्या नाचाला नुसती मान हलवली. मास्तर पोराला घेऊन धावतो ते प्रकरण आलं तेव्हा मात्र तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं.

“धावला तुजा बाप,” ती म्हणाली. “त्याच्या पाठीवर पोराचा मूत वाळला होता. तो सदरा त्यानं धुतला पन नाय किती दिवस. आनि हा म्हनतो मी धावलो.”

“म्हणूनच म्हणते, जाळू या.”

“जाळून काय होतंय. त्याच्याकडं आनखी असतील.” जिवलीनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि त्याची जाडी बोटांनी मापली. “तुज्या तिकडं किती जन वाचतील हा?”

“दोनशे तरी. भुताचं पुस्तक पोरी सोडत नाहीत.”

“मग दे त्यांना. आनि माजापन त्यातच दे. त्याच्या आधी. आधी माजा वाचू दे, मग त्याचा.”

दामिनी आईकडं पाहत राहिली. मनगटावरचा डाग बायकांनी विचारला की चुलीवर भाजला म्हणून सांगणारी ही बाई. तीस वर्षांत तिनं त्या पाड्याचं नाव घेतलं नव्हतं.

“नाव छापू?”

“छाप. माजा, तुज्या बापाचा, पाड्याचा. त्याचा पन. त्याच्यासारखा चोरून नको.”

चौथ्या दिवशी जिवली बोलली आणि दामिनीनं लिहून घेतलं, जसं तोंडातून आलं तसं. ताप कधी चढला, जीप किती वाजता आली, मास्तर काय म्हणाले, कोण कोण हजर होतं, केस कुणी धरले, विळा कुणी तापवला. सजवून काही लिहिलं नाही. आठ पानं झाली. शेवटी जिवलीचा अंगठा आणि तारीख.

*

वाचनालयाची पुस्तकं कोंडू बाइंडरकडं जात. नवं पुस्तक आलं की त्याला जाड पुठ्ठा चढवायचा, शिवण पक्की करायची, मगच ते सभासदाच्या हाती पडायचं. बाजारपेठेच्या टोकाला त्याचं एका खोलीचं दुकान होतं, खळीच्या वासानं भरलेलं.

दामिनीनं पाच प्रती आणि छापून आणलेले पाच संच त्याच्यापुढं ठेवले.

“ही पानं पहिल्या प्रकरणाआधी शिवायची. नुसती चिकटवायची नाहीत, शिवायची.”

कोंडूनं चष्मा चढवून वरचं पान वाचायला घेतलं. एक वाचलं, दुसरं वाचलं. आठवं संपेपर्यंत त्यानं दोन गिऱ्हाइकांना हातानंच थांबायला सांगितलं.

“जिवलीबाय म्हंजे तुजी आई ना?”

“हो.”

“कमिटीला विचारलास?”

“नाही.”

त्यानं दाभण उचललं. “मग मीपन काय वाचला नाय. परवा ने. अशी शिवतो की पान काढायला गेला तर अख्खा पुस्तक सुटेल.”

त्या महिन्याच्या यादीत बावीस पुस्तकांवर नेहमीसारख्या दोन ओळी होत्या. तेविसाव्यावर दामिनीनं लिहिलं: ‘भयकथा. हिच्यातली बाई खरी आहे आणि शहापुरात राहते. पहिली आठ पानं तिची आहेत, ती आधी वाचावीत.’

पहिली प्रत मिताली घेऊन गेली. कॉलेजात शिकणारी मुलगी, भयकथांची अधाशी, आठवड्याला दोन संपवणारी. ती दुसऱ्याच दिवशी परत आली. पुस्तक टेबलावर ठेवून उभीच राहिली.

“पुढचं वाचवेना, ताई. आठ पानांनंतर त्या बाईला रक्त पिताना वाचलं की लेखकाचीच किळस येते.”

“मग दुसरं ने.”

“नाही. हे आईला वाचायला देते. आमचं आजोळ मुरबाडचं आहे.”

झालं. पंधरा दिवसांत पाचही प्रतींवर मिळून चाळीस नावांची प्रतीक्षायादी लागली. रहस्यकथावाले इतिहासवाल्यांच्या पुढं नंबर मागू लागले. लोकांनी आठ पानांचे मोबाइलवर फोटो काढले. ते मुरबाडला पोचले, कारण अशा गोष्टीला ना एसटी लागते ना जीप. मुरबाडात शेखर मास्तर म्हणजे मोठं नाव. निवृत्त मुख्याध्यापक, कवी, आणि आता कादंबरीकार. पुढच्या महिन्यात तिथं त्यांचा नागरी सत्कार व्हायचा होता. आधी सत्काराची तारीख पुढं गेली. मग फलक उतरला. आवळीच्या पाड्यावरचा एक म्हातारा बाजाराच्या दिवशी भर चौकात म्हणाला की दुधाच्या जीपमध्ये मास्तरच्या शेजारी मीच बसलो होतो, पोर काही संगं नव्हतं.

दामिनीला हे सगळं कुणी ना कुणी येऊन सांगायचं. ती पुस्तकांवर शिक्का मारत ऐकायची. आत काहीतरी थंडगार आणि गोड पसरत जायचं, उन्हातून आल्यावर माठाचं पाणी उतरावं तसं. आपल्याला याची लाज वाटायला हवी का, हे तिनं स्वतःला एकदा विचारलं. उत्तर नाही असं आलं.

*

मास्तर आले ते मंगळवारी सकाळी, वाचनालय उघडता उघडता. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात वकिलाच्या नावाचं पाकीट.

“तू विठूची मुलगी.”

“ग्रंथपाल आहे. बसा.”

ते बसले नाहीत. “माझ्या पुस्तकात तू पानं घुसवलीस. हा गुन्हा आहे. मी वाचनालयावर दावा लावीन.”

“तुमचं एक अक्षर बदललेलं नाही. काना-मात्रा तशीच आहे.”

“कादंबरी कल्पित असते. मी नाव बदललं होतं.”

“जिवलीचं जिवा केलंत. डाग नाही बदलला, गोंदण नाही बदललं. आणि वर सत्य घटना म्हणून छापलंत.”

“ते प्रकाशकानं छापलं. विक्रीसाठी लागतं.” त्यांचा आवाज उतरला. “हे बघ, त्या वेळी जे झालं ते पाड्यानं केलं. विळा मी धरला नव्हता.”

“नाही. तुम्ही नुसतं बोट दाखवलंत.”

बाहेर मालाचा टेम्पो मागं घेत होते, त्याची शिट्टी वाजत राहिली. मास्तरांनी पाकीट टेबलावर ठेवलं, मग परत उचललं आणि अचानक खुर्चीत बसले.

“दाव्याचं राहू दे. मी माफीनामा लिहून देतो, तू म्हणशील तसा. पुस्तकंही मागं घेतो. फक्त एक कर. हौसाच्या हाती ते पडू देऊ नको. तिच्याकडं तसला फोन नाही, ती कुठं जात नाही, तिला अजून काही माहीत नाही. कविसंमेलनाचं तिला कधी कळलंच नाही. मी शाळेच्या कामाला गेलो होतो एवढंच ठाऊक आहे तिला. तीस वर्षं ती तुझ्या आईला शिव्या देते. त्याच्यावरच ती उभी आहे.”

दामिनीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. हा माणूस सत्काराला भीत नव्हता, कोर्टाला भीत नव्हता. घरातल्या एका बाईला भीत होता. आणि ते तो स्वतःच्या तोंडानं, आपण होऊन, इथं येऊन सांगत होता.

“बघते,” ती म्हणाली.

ते गेल्यावर तिनं परत आलेली एक प्रत काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दुपारच्या मुरबाड गाडीत बसली. पोस्टानं पाठवली असती तर त्याच्या हाती लागली असती. मास्तर शहापुरात वकिलाकडं असणार याचा तिला अंदाज होता. मुरबाडात घर दोनदा विचारावं लागलं नाही, दारावरच पाटी होती. हौसाबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. ठेंगणी, गोरटेली, कपाळावर मोठं कुंकू.

“कोन गो तू?”

“वाचनालयातून आले. मास्तरांचं नवं पुस्तक तुम्ही वाचलंय का?”

“मला दाखवलाच नाय त्यांनी. म्हनले, भावेशचा हाय त्यात, तुला सोसायचा नाय.”

“भावेशचंच आहे. पहिली आठ पानं वाचा. तेवढी वाचलीत तरी पुरे.”

पुस्तक हातात देताना दामिनीला त्या बाईची बोटं दिसली, पिठानं पांढरी झालेली. या बाईनं आपल्याला काही केलं नाही, हा विचार तेव्हा तिला आला. आला तसा तिनं तो बाजूला सारला आणि परतीची गाडी धरली.

*

वाचनालयाच्या कमिटीची सभा बसली. अध्यक्ष म्हणाले, भावना समजतात, पण पानं काढून टाका. दामिनी म्हणाली, प्रती परत आल्या की काढते. पण त्या परत येतच नव्हत्या. एका सभासदाकडून थेट दुसऱ्याच्या घरी जात होत्या, आणि शेवटी कमिटीतल्याच दोघांच्या घरी त्या सापडल्या. कोंडूच्या शिवणीचा विषय निघाला तेव्हा अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. दामिनीला लेखी समज मिळाली आणि नवीन पुस्तकांच्या यादीवर यापुढं सचिवांची सही लागेल असं ठरलं. तिला ते झोंबलं. यादी हीच तिची खरी मिळकत होती. पण तिनं सही करून समज फायलीला लावली. पुढं प्रकाशकानं नवी आवृत्ती काढली तेव्हा मुखपृष्ठावरची ‘सत्य घटनेवर आधारित’ ही लाल ओळ गेलेली होती.

त्या सभेनंतरच्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, हौसाबाई शहापूरला आल्या. पत्ता विचारत विचारत. मागून वीस पावलांवर मास्तर.

जिवली दारातच होती. दोघींनी एकमेकींना तीस वर्षांनी पाहिलं. हौसाबाईंच्या कपाळावर कुंकू नव्हतं. नवरा मागं उभा असताना त्यांनी ते लावायचं सोडलं होतं.

“आत ये,” जिवली म्हणाली. मग मास्तरांकडं न बघता दामिनीला म्हणाली, “दार लाव.”

दामिनीनं मास्तरांच्या तोंडावर दार लावलं. कडी घातली.

हौसाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मग म्हणाल्या, “मी तुला मरनाचा शाप दिला. रोज. दिवा लावताना.”

“कळायचा मला. पायात गोळे यायचे,” जिवली म्हणाली. ते थट्टेत होतं की खरं, दामिनीला कळलं नाही.

“माफी मागायला नाय आले. मागून काय होनार. एकच इचारायचाय.” त्यांनी पदर तोंडावर धरला आणि पदराआडूनच बोलल्या. “तुज्या घरात होता तो शेवटला. काय बोलला का?”

दामिनीनं आईकडं पाहिलं. आठ पानांत हे नव्हतं. लिहून घेताना जिवलीनं हे तिलाही सांगितलं नव्हतं. जिवली गप्प होती, आणि तिचा चेहरा पाहून दामिनीला वाटलं की ती सांगणार नाही. तीस वर्षांच्या शापांची परतफेड करायला एवढं मौन पुरलं असतं. ते तिच्या हातात होतं आणि ते तिला माहीत होतं.

मग जिवली सरकून हौसाबाईंच्या जवळ बसली. डावा हात, तोच डागाचा, त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

“आमच्या यांनी पाठीला बांधला तवा इवळला थोडा. मग मला म्हनला, काकी, आईला सांगू नको मी रडलो. बाळ झाला की मी त्याला उचलनार हाय, ती म्हनेल हा अजून लहान हाय.”

हौसाबाईंच्या घशातून जो आवाज आला तो शेजारच्या घरापर्यंत गेला. बाहेरून दार वाजलं. “हौसा,” मास्तर म्हणत होते, “हौसा, काय झालं? काय सांगितलं तिनं?” कुणी उठलं नाही. दोन बायका एकमेकींना धरून बसल्या होत्या आणि दामिनी कडीवर हात ठेवून उभी होती.

दुपारी हौसाबाई निघाल्या. दार उघडलं तेव्हा मास्तर पायरीवर होते, सदरा घामानं भिजलेला. त्यांनी पुन्हा विचारलं, “काय बोलला होता तो? मलाही सांग.”

हौसाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. “ते माजा हाय,” म्हणाल्या. “तुमी संमेलनाला होता.”

त्या मुरबाडच्या गाडीकडं वळल्याच नाहीत. त्यांची लेक, त्या बाळंतपणातली, आसनगावला दिली होती. त्यांनी तिकडची रिक्षा केली आणि एकट्याच बसून गेल्या.

जिवलीनं घरात येऊन वालाचं टोपलं पुढं ओढलं. काही वेळानं तिनं विचारलं, “तो हाय का अजून उभा?”

दामिनीनं खिडकीतून पाहिलं. मास्तर भर उन्हात रस्त्याच्या कडेला होते. कुठं जावं हे ठरत नसल्यासारखे.

“आहे.”

“ऱ्हाऊ दे,” जिवली म्हणाली आणि शेंग सोलायला घेतली.